एवढ्यानं काय हुतंय?

गेल्या देवदिवाळीला मी म्हसवडला होतो. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथाचा रथ निघतो, आणि माणदेशातून पोटासाठी बाहेर पडलेला माणूस वर्षातून एकदाच गावी येणार असेल तर त्या दिवशी येतो. गलाईच्या धंद्यात दूरदूरच्या राज्यांत सोनं आटवणारे येतात, मुंबईकर येतात आणि माझ्यासारखे हिंजवडीत लॅपटॉप बडवणारेही येतात. गुलाल-खोबरं उधळून झालं, चांगभलं झालं. दुसऱ्या दिवशी आत्याकडं मटणाचं जेवण होतं.

आत्या वाढायला आली तेव्हा मी ताटावर आडवा हात धरला. या खुणेचा अर्थ 'पुरे' असा होतो, असं मला लहानपणी शिकवलं होतं. आत्यानं पळीतला रस्सा माझ्या बोटांच्या फटीतून ताटात सोडला.

"आरं, एवढ्यानं काय हुतंय?"

"आत्या, डॉक्टरांनी आळणी खायला सांगितलंय."

"मग आळणीच आणते की!" म्हणून ती आत गेली आणि वाफाळती वाटी घेऊन आली. पंगत हसली. मीही हसलो. ज्यांना हा विनोद कळला नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडं आळणी म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, तिखट-मसाला पडायच्या आधीचं. हळद असते, मीठ असतं आणि वर बोटभर चरबीचा तवंग असतो. डॉक्टरांचं आळणी आणि आत्याचं आळणी यांच्यामध्ये माझं हृदय होतं. त्याला हसू आलं नसावं.

मी एकोणतीस वर्षांचा आहे. सत्ताविसाव्या वर्षी एका पहाटे पुण्यातल्या फ्लॅटवर छातीत दुखायला लागलं. ॲसिडिटी असेल म्हणून गोळी घेतली, थंड दूध प्यायलो, दीड तास वाया घालवला. रूममेटनं उचलून रिक्षात घातलं म्हणून आज हे लिहितोय. डावीकडच्या मुख्य रक्तवाहिनीत एक स्टेंट पडला. हृदयाचा काही स्नायू कायमचा गेला, पंपाची ताकद कमी झाली. रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, २७१ निघालं. माझ्यासारख्या रुग्णाचं ते सत्तरच्या खाली, जमलं तर त्याहूनही कमी असावं लागतं.

मी सिगारेट ओढत नाही. वजन बेताचं. मग डॉक्टरांनी घरातल्या माणसांची चौकशी केली, आणि आमच्या घराण्याचा इतिहास नव्यानं लिहावा लागला. आजोबा सेहेचाळिसाव्या वर्षी रानात 'ऊन लागून' गेले होते. थोरले चुलते एक्कावन्नाव्या वर्षी 'गॅस होऊन' गेले होते. वडिलांच्या टाचेमागच्या शिरेवर जाड गाठी आहेत, त्यांना आम्ही आजवर चालून चालून पडलेले घट्टे समजत होतो. त्या कोलेस्टेरॉलच्या गाठी होत्या. या आजाराचं नाव फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया. रक्तातलं एलडीएल उचलून घ्यायला यकृतातल्या पेशींवर जे ग्राहक असतात, ते जन्मापासून कमी किंवा बिघडलेले असतात. हे ग्राहक शोधून काढल्याबद्दल ब्राऊन आणि गोल्डस्टीन या दोघांना १९८५ चं नोबेल मिळालं. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून हा दोष आला की पुढं प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. एवढं कळल्यावर 'ऊन' आणि 'गॅस' हे शब्द मला घरात ऐकवत नाहीत.

आता मूळ तक्रारीकडं येतो. मला आजाराबद्दल फार लिहायचं नाही, त्याच्यावर गोळ्या आहेत. मला लिहायचंय ते आग्रहाबद्दल. त्याच्यावर गोळी नाही.

जेवताना 'नाही' म्हणायची सोय आपल्याकडं नाही, असं माझं म्हणणं आहे. शब्द आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. पहिलं 'नको' म्हणजे भीड. दुसरं 'नको' म्हणजे 'वाढा, पण थोडं'. तिसरं 'नको' म्हणजे 'चला, तुमचा मान ठेवतो'. चौथ्यांदा नको म्हटलं की माणूस रुसलाय, शहरात जाऊन चढलाय, किंवा त्याला आपल्या घरचं अन्न चालत नाही. स्क्रीनवर 'नाही' असं बटण काढलंय, पण त्याला मागं कोडच जोडलेला नाही, अशी ही रचना आहे. कितीही दाबा, पुढचं पान 'हो'चंच उघडतं.

ही रचना कुठून आली याचा मी बराच विचार केलाय, आणि मला तिचा रागही पुरता करता येत नाही. माणदेश हा पाऊस चुकवून जाणारा मुलूख. माणगंगा वर्षातले बरेच महिने वाळूचीच असते. आज्जी १९७२ च्या दुष्काळाचं सांगायची. कामावर खडी फोडायची, सुकडी खायची, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापायच्या. अशा दिवसांत कुणाच्या घरी गेलं आणि जेवायला बसवलं, तर पाहुणा पहिल्यांदा नको म्हणणारच. घरात किती आहे हे त्याला ठाऊक असायचं. मग घरच्या बाईनं आग्रह करायचा. त्याचा अर्थ असा की आमच्यात कमी नाही, तू खा, तुझ्या खाण्यानं माझी पोरं उपाशी राहणार नाहीत. पाहुण्यानं भीडेपोटी उपाशी उठू नये म्हणून ती तजवीज होती, आणि ती फार सुंदर तजवीज होती. टंचाई होती म्हणून तिला अर्थ होता.

टंचाई गेली. निदान आमच्या आळीतून तरी गेली. मटण यात्रेला आणि जावळाला व्हायचं, ते आता दर रविवारी होतं. तूप सणाला असायचं, ते डब्यात असतं. वाढायचे नियम मात्र ७२ सालचेच राहिले. उपाशी माणसाला खाऊ घालायचं तंत्र आपण आता भरल्या पोटाच्या आणि अर्ध्या हृदयाच्या माणसावर वापरतोय.

यावर मला जे ऐकवलं जातं ते तुम्हीही कुठंतरी ऐकलं असेल. एक म्हणजे, "आपली जुनी माणसं हेच खाऊन नव्वद वर्षं जगली." माझ्या घरातली जुनी माणसं सेहेचाळीस आणि एक्कावन्न वर्षं जगली. नव्वद वर्षं जगलेला म्हातारा गावाला दिसतो, पारावर बसलेला असतो. चाळिशीत गेलेला पारावर दिसत नाही, म्हणून तो हिशेबातही येत नाही. शिवाय ती नव्वद वर्षं जगलेली माणसं 'हेच' खात नव्हती. ती बाजरीची भाकरी, मटकी आणि हुलग्याचं माडगं खात होती आणि रोज मैलोगणती मेंढरांमागं चालत होती. इंटरहार्ट नावाचा ५२ देशांतला मोठा अभ्यास झाला. त्यातून दिसलं की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो आणि बाकीच्या जगात जवळपास ५९ व्या. सहा वर्षं आपण आधीच हरलेली आहेत. मी तर आणखी सव्वीस.

दुसरं, "गोळी घेतोस ना, मग खा की." हे सगळ्यात हुशार वाक्य आहे, कारण त्यात निम्मं खरं आहे. माझा आजार नुसत्या पथ्यानं आटोक्यात येत नाही. रोझुवास्टॅटिन आणि इझेटिमाइब नसतं तर मी कितीही पालेभाजी खाल्ली असती तरी उपयोग झाला नसता. (हे मुद्दाम लिहितोय. नाहीतर कुणीतरी हा लेख वाचून गोळी बंद करील आणि अर्जुनाच्या सालीचा काढा सुरू करील.) पण गोळी टाकीचा उपसा वाढवते, म्हणून वरचा नळ मोकळा सोडायचा नसतो. मोठा चमचाभर तुपात साधारण ९ ग्रॅम संपृक्त चरबी असते. अमेरिकन हार्ट असोसिएशन २,००० कॅलरीच्या आहारात दिवसाला सुमारे १३ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. आत्याची एक 'धार' किती चमचे असते हे मी मोजलेलं नाही, मोजायचं धाडस नाही. मिठाचं तसंच. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. पंगतीत लोणचं, पापड, रस्सा आणि शेंगदाण्याची चटणी एवढ्यातच तो संपतो. आणि ज्याचा पंप कमजोर आहे, त्याच्या अंगात मिठाबरोबर पाणीही साठतं. दुसऱ्या दिवशी बूट घालताना ते मला कळतं, आत्याला कळत नाही.

तिसरं तुपाचं समर्थन. त्यात मी पडत नाही. काही वर्षांपूर्वी 'दीक्षित की दिवेकर' असा वाद महाराष्ट्रात घरोघरी चालला होता, आमच्या घरी मामा दीक्षितांकडून आणि मावशी दिवेकरांकडून लढत होती. दोघांनीही आपापल्या गुरूचं अर्धंच ऐकलं होतं, आणि दोन्हीकडच्या गुरूंनी त्यांना माझं ताट तपासायला सांगितलेलं नव्हतं. आता रील आहेत. स्टेंट बसवलेल्या माणसाला घरच्या गाईचं तूप चालतं का, हे तीस सेकंदांत सांगणारा माणूस कोण आहे हे कुणी विचारत नाही. पण बारा वर्षं शिकून कॅथलॅबमध्ये माझ्या मनगटातून तार हृदयापर्यंत नेणाऱ्या बाईंना मात्र "सगळे डॉक्टर असंच सांगतात" असं म्हटलं जातं.

चौथं, "मन मारून जगायचं तर जगायचं कशाला?" हे वाक्य नेहमी दुसऱ्याच्या मरणाबद्दल बोललं जातं.

इथं थोडं स्वतःबद्दलही बोलायला हवं, कारण मी काही शहाण्यासारखा वागलो नाही. झटक्यानंतर रुग्णालयातून आहाराचा एक छापील कागद मिळाला होता. इंग्रजीत होता. त्यात ऑलिव्ह ऑइल, सॅमन मासा आणि ब्लूबेरी होत्या. म्हसवडमध्ये सॅमन! तरी मी तो कागद प्रमाण मानला. ओट्सचे डबे घेऊन गावी गेलो. वडिलांसाठी एक्सेलमध्ये तक्ता केला, रंग भरले, प्रिंट काढून फ्रिजला चिकटवला. वडिलांनी दोन दिवस ओट्स खाल्ले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ही खळ कुणी शिजवलीय?" मीही आग्रहच करत होतो. फक्त माझ्या हातात पळी नव्हती, तक्ता होता.

नंतर ध्यानात आलं की त्या इंग्रजी कागदावर जे लिहिलं होतं, त्यातलं बरंचसं माझ्या आज्जीच्या चुलीवर होतंच. चोथा हवा, कडधान्य हवं, चरबी कमी हवी. बाजरी, मटकी, हुलगे, अंबाडीची भाजी यापेक्षा वेगळं त्यात काय आहे? मीठ कमी केलं आणि तेल मोजून घातलं की झालं. मग हे पाहुण्याला का वाढत नाहीत? हा प्रश्न मी आत्याला खरंच विचारला. ती माझ्याकडं बघतच राहिली. "माडगं? पाहुण्याला?" तिच्या चेहऱ्यावर जे आलं ती लाज होती. तिला माडग्यात दुष्काळ दिसतो. हुलगे ही न पिकणाऱ्या रानाची, न परवडणाऱ्या घराची गोष्ट. त्यातून वर यायला तिच्या नवऱ्यानं परमुलखात वीस वर्षं भट्टीसमोर काढली. मटणाची पळी ही त्या वीस वर्षांची पावती आहे, आणि मी त्या पावतीवर आडवा हात धरतोय. हे समजल्यावर मला तिचा राग येईनासा झाला. पण समजलं म्हणून खाता येत नाही. माझी रक्तवाहिनी आत्याचं दुःख समजून घेत नाही.

आणि सगळा आग्रह असा भावनेतूनच येतो, हेही खोटं आहे. माझ्या लग्नाचं बघतायत. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात आईनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "खा गुमान. नाहीतर लोक इचारतील." म्हणजे जिलेबी पोटासाठी नव्हती, पडद्यासाठी होती. जो सगळं खातो त्याला काही झालेलं नाही, असा पुरावा मी चारचौघांत चावून दाखवायचा होता. मुलीकडच्यांना स्टेंटचं सांगायचं नाही असं घरात ठरलंय. मी ठरवलेलं नाही. मी सांगणार आहे, कारण पुढच्या पिढीत निम्म्या शक्यतेनं जाणारी गोष्ट लपवून लग्न करणं ही फसवणूक आहे. बहिणीच्या सासरी तिच्या चार वर्षांच्या मुलाची तपासणी करू देत नाहीत. "पोराच्या माथी आत्तापासून आजार कशाला मारता?" आजार मारलेला असेल तर तो जन्माच्या वेळीच मारलाय. तपासणीनं फक्त दिसेल. लवकर दिसला तर वेळेवर औषध सुरू होतं आणि तो मुलगा सत्ताविसाव्या वर्षी पहाटे रिक्षात नसतो. पण दिसणं हीच आमच्याकडं खरी भीती आहे. पथ्याचं ताट दिसतं, म्हणून ते नको.

सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. लाखाच्या पुढं जाणारा औषधी स्टेंट सुमारे ३० हजारांवर आला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, आमच्या भागातल्या कितीतरी माणसांना त्यामुळं जीवदान मिळालं. हे सगळं खरोखर मोठं काम आहे. पण माणूस स्टेंट घेऊन घरी येतो तेव्हा उंबऱ्यावर त्याला ओवाळतात आणि 'सुटलास बाबा' म्हणून गोडाचं जेवण घालतात. माझ्यासाठी आईनं शिरा केला होता. तुपातला. तो मी खाल्ला. त्या दिवशी 'नको' म्हणणं मला जमलं नाही. आज जमलं असतं का, ठाऊक नाही.

आईबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. मला ती फार उशिरा दिसली, दीड-दोन वर्षांनी. मी नको म्हटलेलं जातं कुठं? मी बाजूला सारलेली पुरणपोळी, वाटीतलं आळणी, वडिलांसाठी कमी तेलाची वेगळी भाजी केल्यावर उरलेली जुनी तेलकट भाजी? अन्न टाकायचं नाही हा दुष्काळी घरातला पहिला नियम. ते सगळं आईच्या ताटात जात होतं. सगळ्यांचं झाल्यावर ती ओट्याशी बसते आणि उरलंसुरलं संपवते. त्या ताटावर कुणी आडवा हात धरत नाही आणि आग्रहही करत नाही. माझ्या पथ्याचे आकडे सांभाळायला घरात मी एक ॲप करून ठेवलंय. आईचं ब्लडप्रेशर किती आहे हे मला माहीत नव्हतं.

म्हसवड हे तेच गाव, जिथं बायकांनी १९९७ साली स्वतःची माणदेशी महिला बँक उभी केली. निरक्षर सभासद फार आहेत म्हणून आधी परवाना नाकारला गेला, तर त्या लिहायला शिकल्या आणि कॅल्क्युलेटरशिवाय व्याज काढून दाखवायला पुन्हा गेल्या. आमच्या आईच्या पासबुकात रुपयाचा फरक सापडायचा नाही. दिवाळीनंतर मी तिला बळंच दवाखान्यात नेलं. १६८ वर १०२. डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी कधी तपासलं होतं? ती म्हणाली, "मला काय हुतंय?" घरी येताना रिक्षात मी गप्प होतो. माझ्या 'नको'चा मला जो एवढा अभिमान होता, त्याची किंमत कुणीतरी ओट्याशी बसून चुकवत होतं.

आता घरात एकच भाजी होते, सगळ्यांसाठी तीच. तेल महिन्याच्या हिशेबानं वेगळ्या बाटलीत काढून ठेवतो. आई बाटली संपत आली की शेजारून उसनं आणते, हे मला कळलंय, मी बोललेलो नाही. वडिलांनी शेवटी तपासणी केली, एलडीएल २३८ आलं. रिपोर्ट बघून ते म्हणाले, "तुझ्यापरीस कमीच हाय की." पण गोळी सुरू केली.

माझं मागणं फार नाही. मटण बंद करा असं मी म्हणत नाही, यात्रा अळणी करा असंही नाही. तुम्ही खा, मी तुमच्याशेजारी बसून गप्पा मारतो. पण मी एकदा 'नको' म्हटलं की ते एकदाच म्हणावं लागावं. पळी मागं घ्यावी, चेहरा पाडू नये, बाजूच्या काकांना कारण सांगू नये. आणि वाढणारीनं स्वतः काय खाल्लं हे पंगतीतल्या कुणीतरी विचारावं.

यंदाची देवदिवाळी तोंडावर आलीय. मी आत्याला आठवडाभर आधी फोन करून सगळं समजावून सांगितलं. स्टेंट, मीठ, तूप, आजोबा, चुलते, सगळं. तिनं मध्ये एकदाही न बोलता ऐकून घेतलं. बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं बाबा. तुझ्यासाठी हुलग्याचं माडगं करते. आईलाबी तेच वाढते."

मला भरून आलं. फोन ठेवणार एवढ्यात ती म्हणाली, "आरं पर वरनं तुपाची जराशी धार सोडू न्हवं?"